गल्लीकडची भिंत

सोळा वर्षं मी दुसऱ्यांना वारा मिळवून दिला. गवंड्याने असं बोलावं म्हणजे जरा जास्तच झालं, पण माझ्या कामाचं खरं वर्णन तेच आहे.

मुंबईच्या वांद्रे, खार, सांताक्रूझकडे तेव्हा बंगल्यांचं पेव फुटलं होतं. काल भाताची खाचरं होती तिथे आज खुंट्या ठोकलेल्या, उद्या जोती आणि सहा महिन्यांत फाटकावर मुलीचं नाव कोरलेला दुमजली बंगला. मालक कोणी वकील, कोणी डॉक्टर, कोणी कापडवाले. जात निराळी, भाषा निराळी, पण तोंडातलं पहिलं वाक्य एकच, "मिस्त्री, हवा पाहिजे." समुद्र पश्चिमेला, म्हणून वारा पश्चिमेचा. तेव्हा घराचं तोंड पश्चिमेला, तिकडेच रुंद गॅलरी, तिकडेच छातीएवढ्या खिडक्या. स्वयंपाकघर, मोरी, धुराडं हे सगळं पूर्वेला, म्हणजे धूर आणि वास वाऱ्याबरोबर मागच्या मागे जातो. मागच्या भिंतीला खिडकी ठेवायची नाही, कारण मागे कोणीतरी दुसरा असतो आणि त्याच्याकडे बघायची कोणाला हौस नसते. अशी पंचेचाळीस-पन्नास घरं तरी माझ्या हातून उभी राहिली. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे आणि पाठ मागच्या शेजाऱ्याकडे. एका बंगल्यातला म्हातारा गेला, तेव्हा मागच्या बंगल्यातल्या बाईंनी मला विचारलं होतं, "मिस्त्री, तिकडे आज गर्दी कसली हो?"

आम्ही गवंडी, बिगारी राहायचो बांधकामावरच. भिंती कंबरेएवढ्या झाल्या की तिथेच चूल आणि तिथेच पथारी. दारं हे शेवटचं काम. सुतार दारं बसवायला आला की आमचं बिऱ्हाड उठायचं आणि पुढच्या जोत्यावर जायचं. म्हणजे बघा, इतक्या घरांत सगळ्यात आधी मी राहिलो, पण दार लागलेल्या घरात एक रात्र काढली नाही. हे मला तेव्हा कधी जाणवलं नाही. आता जाणवतं, पण आता जाणवून काय उपयोग?

माझी बायको लंकाबाई या सगळ्या काळात नाशकात होती. वडाळ्याच्या वाटेला लागण्याआधी एक अरुंद गल्ली आहे, तिथे आमची भाड्याची एक खोली होती. मी दिवाळीला आणि शिमग्याला यायचो, चार दिवस पाहुण्यासारखा राहायचो आणि परत जायचो. खोलीचं दार गल्लीत उघडायचं आणि बरोबर समोर, सहा हातांवर, जहिदाचं दार. जहिदाचा नवरा खाजाभाई कल्हईवाला. तोही भाता आणि कथील घेऊन लासलगाव, निफाडकडची गावं हिंडणारा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दोन नवरे बाहेर आणि दोन बायका समोरासमोर, असा तो संसार होता. आमच्या मुलीला देवी आल्या तेव्हा तिच्या उशाशी कोण बसलं, माझी आई गेली तेव्हा मला तार करायला कोण धावलं, हे मला नंतर सांगण्यात यायचं. मी मान डोलवायचो आणि मुंबईला जायचो.

त्या दोघींमध्ये एक डबा होता. पितळी, झाकणाचा, शेरभर जिन्नस मावेल एवढा. तो मुळात कोणाचा हे दोघींनाही आठवत नव्हतं. आमच्याकडून तिळगूळ, पुरणपोळ्या, हरभऱ्याचे हिरवे घाटे भरून जायचा आणि तिकडून शेवया, खारीक, खोबरं, डिंक भरून यायचा. तिकडून येणारा जिन्नस नेहमी कोरडा. लोकांनी लंकेला बोल लावू नये म्हणून जहिदानेच घालून घेतलेला तो दंडक होता. भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत तर सगळ्याच घरी असते. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. तर हा डबा सोळा वर्षं गल्ली ओलांडत होता, एकदाही रिकामा न जाता. खाजाभाई दरवर्षी त्याला कल्हई करून द्यायचे.

सदतीस साल लागता लागता माझे गुडघे गेले. चुन्याने हाताला भेगा पडल्या होत्या त्या वेगळ्या. त्याच सुमाराला आमच्या खोलीचा मालक जागा विकायला निघाला आणि ती मी घेतली. लंकेने माझ्याकडे सोळा वर्षांत काही मागितलं नव्हतं. आता म्हणाली, "पावसाळ्याआधी माझ्या घरात माझी चूल पेटली पायजे. मंग तुमी म्हनाल तवा मरंन."

"मरायचं कशाला? चूल पेटव आन् भाकरी कर," मी म्हणालो.

संक्रांत झाली आणि चांदवडहून सांगावा आला. आमची मुलगी फुलाबाई तिथे दिलेली. दुसरं बाळंतपण, सासू नाही, आणि आठव्या महिन्यातच तिने अंथरूण धरलेलं. लंका निघाली. जहिदाने डब्यात डिंक आणि खारीक भरून दिली. जाताना लंकेने खोलीच्या उंबऱ्याला हात लावला आणि मला म्हणाली, "नीट बांधा." बाकी बोलायचं होतंच काय? जुन्या जागी नवं घर, त्याचं दार कुठे असणार हे सांगावं लागतं का?

मला सांगायला हवं होतं.

खोली मी स्वतः पाडली. दाराची चौकट सागवानी होती, ती जपून काढून ठेवली. मदतीला बहिरू नावाचा एक बिगारी होता, चांगला होता पण मुका नसून मुक्यासारखा. जोतं काळ्या दगडाचं, वर वीट आणि चुना. चुना मी घाण्यावर स्वतः मळून घेतला, कारण दुसऱ्यांच्या घरांत काय मळतात ते मला माहीत होतं. आखणी करायला बसलो तेव्हा मी काही विचार केला नाही. हेच तर सांगतोय. विचार केला असता तर चूक झाली नसती. हाताने दोरी धरली आणि हात जसे वळत आले होते तसे वळले. जागेच्या पश्चिमेला एक पडीक मळा होता, मोकळा. पूर्वेला गल्ली. तेव्हा गॅलरी पश्चिमेला, तीन खिडक्या पश्चिमेला, जपून ठेवलेली चौकट पश्चिमेला. चूल, मोरी, धुराडं पूर्वेला. गल्लीकडची भिंत अठरा इंची, अखंड. काम इतकं सुबक होत होतं की मी स्वतःवर खूश होतो. म्हटलं, बंगलेवाल्यांच्या बायकांना दिलं ते माझ्या बायकोला का नको? वारा!

नाशकात समुद्र नाही, हे मला अर्थातच ठाऊक होतं.

रोज सकाळी जहिदा मला गल्ली ओलांडून चहा आणून द्यायची. मुंबईच्या पाण्याने माझं सोवळं केव्हाच धुऊन नेलं होतं, मी तो प्यायचो. भिंत छातीपर्यंत आली त्या दिवशी ती रिकामा कप हातात घेऊन भिंतीकडे बघत उभी राहिली.

"मिस्त्री, हिकडचं दार कुठं काढनार? मधी का कडंला?"

माझ्या एका हातात थापी, दुसऱ्यात वीट. मी हसलो. "हिकडं कशाला दार, भाभी? हिकडं हाय काय? धूळ, गटार आन् गलका. दार तिकडं, वाऱ्याला!"

"बरं," ती म्हणाली आणि रिकामा कप घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी चहा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाई कामात असेल असं मला वाटलं. आठवडाभराने तिच्या दाराला गोणपाटाचा पडदा लागला. तोही मला दिसला. भिंतीचा चुना उडतो म्हणून लावला असेल, असं मी म्हटलं. माणसाला आपल्या सोयीचं कारण शोधायला फार वेळ लागत नाही.

चैत्र संपता संपता लंका परत आली. मुलगा झाला होता, फुलाबाई उठून बसू लागली होती. मोटार नाक्यावर थांबते, तिथे मी घ्यायला गेलो. तिच्या डोक्यावर बोचकं आणि हातात तो डबा. चालताना ती माझ्या पुढे गेली. गुडघ्यांमुळे मला तिच्याबरोबर चालणं जमत नव्हतं, आणि तिला धीर नव्हता. गल्लीत शिरलो तेव्हा ती घरापाशी पोचली होती. पांढरीशुभ्र भिंत बघून हसली. बोचकं खाली ठेवून तिने भिंतीला हात लावला. मग हात तसाच ठेवून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली. गल्लीतल्या बायका दारादारांतून बघत होत्या. आपल्याच घराच्या भिंतीवरून हात फिरवत माझी बायको दार शोधत होती, आणि मी चाळीस पावलांवरून ते बघत होतो. इतकी वर्षं मी हे काम केलं, पण तोवर मला भिंत म्हणजे काय हे कळलं नव्हतं.

"आवं, दार कुठं हाय?" तिने विचारलं.

"मागनं," मी म्हणालो. "म्हंजे पुढनं."

गोटीरामच्या वाणसामानाच्या दुकानाला वळसा घालून, मळ्याच्या बांधावरून, बाभळीच्या काट्यांतून आम्ही घरी गेलो. दीडशे पावलं होतात; मी नंतर मोजली. गॅलरीत ऊन सरळ तोंडावर येत होतं. दुपारचे चार वाजले होते आणि फरशी तव्यासारखी तापलेली. वारा होता, पण चैत्रातला वारा कसा असतो हे नाशिककराला सांगायला नको.

"बघ," मी म्हणालो. "वारा."

ती बोचक्यावरच बसली. पदराने तोंड पुसलं. "वारा हाय," ती म्हणाली.

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. उठून तिने चूल सारवली, पेटवली, भाकरी केली. तिने सांगितलं होतं तसं पावसाळ्याआधी तिच्या घरात तिची चूल पेटली, आणि तिच्या तोंडावर आनंदाची एक रेघ नव्हती. धूर धुराड्यातून गल्लीत जात होता. सरळ समोरच्या गोणपाटावर.

मग तिने डबा उचलला. फुलाबाईकडची म्हैस व्याली होती, म्हणून त्यात खरवस घालून आणला होता. तो टिकत नाही, आजच्या आज जायला हवा. ती मळ्यातून वळसा घालून गेली. मी गॅलरीत बसून राहिलो. परत यायला तिला फार वेळ लागला नाही, आणि तेच मला खटकलं. जहिदाकडे गेलेली लंका कधी लवकर परतल्याचं मी ऐकलं नव्हतं.

तिने डबा माझ्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं. आत काही नव्हतं. धुतलेला, पुसलेला, कल्हई चमकत होती.

"विसरली असंल," मी म्हणालो.

"इसरली नाय. माझ्यासमोर खरवस तिच्या पातेलीत काढला. डबा धुतला, फडक्यानं कोरडा केला, आन् हातात दिला. पदर डोक्यावर घेऊन बोलली माझ्याशी, जशी काय मी मामलेदारीन. लेकीचं इचारलं, नातवाचं इचारलं. बस म्हनली नाय."

"तू काय म्हनलीस?"

"मी म्हनलं, जहिदा, डबा रिकामा हाय. ती म्हनली, हिकडं हाय काय तुमाला द्यायला? धूळ, गटार आन् गलका."

माझे शब्द. एक कानामात्रा न बदलता तिने ते दोन-अडीच महिने जपून ठेवले होते, आणि माझ्या बायकोच्या हाती परत केले होते.

"मी तसं नव्हतं म्हनलं," मी म्हणालो.

"कसं म्हनलं व्हतं मंग?"

लंका उठली आणि चुलीपाशी जाऊन बसली, भिंतीकडे तोंड करून. सोळा वर्षं ती तशीच बसत आली होती, फक्त तेव्हा समोर दार असायचं.

पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले. नळ गल्लीत होता. लंका दोन घागरी घेऊन मळ्यातून वळसा घालायची, काट्यात पाय द्यायची, पाणी आणायची. नळावर जहिदा असली तर दोघी एकमेकींना आधी भरायला सांगायच्या. "तुमी घ्या." "नाय, तुमी घ्या." सोळा वर्षांचं "तू" गेलं आणि "तुमी" आलं. मोरीचं पाणी माझ्या सुबक पन्हाळीतून गल्लीच्या गटारात, समोरच्या उंबऱ्यापाशी पडायचं. मी दिवसभर गॅलरीत सावलीची वाट बघत बसायचो. गुडघे दुखत होते. आयुष्यभराचं काम आता संपलंय, म्हणून आता तरी आराम वाटायला हवा होता, तर तोही नाही. मी मनाशी म्हणायचो, होईल सवय. बायकांचे रुसवेफुगवे. आता पुन्हा कोण हातात थापी धरतो!

आणि कदाचित तसंच राहिलं असतं. मी काही मोठा शहाणा माणूस नाही, आणि दमलेला माणूस तर मुळीच शहाणा नसतो. पण एका सकाळी तंबाखू घ्यायला गोटीरामच्या दुकानात गेलो. गोटीराम तसा गोड बोलणारा, वजनात मारणारा माणूस. त्याने पुडी बांधली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"पुंजामिस्त्री, एक बोलू का? लय झ्याक काम केलं तुमी."

"कसलं?"

"भिंत हो! सोळा वर्षं वैनींना त्या लोकांच्या दारात तोंड करून बसावं लागलं. भाड्याची जागा, इलाज नव्हता. आता घर आपलं झाल्याबरुबर भिंत घातली. बोलले नाय, भांडले नाय, नुसती भिंत. आख्खी गल्ली म्हनतीय, मिस्त्री मुंबईला जाऊन हुशार झाला."

मी पुडी हातात घेऊन उभा राहिलो. आख्खी गल्ली म्हणतेय! म्हणजे मी वारा वारा करत बसलो होतो, आणि माझी भिंत तीन महिने गल्लीला भलतंच काही सांगत होती. गोटीरामला ते ऐकू आलं, बहिरूला आलं असणार, आणि सगळ्यात आधी ते समोरच्या दारात चहाचा कप घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला ऐकू आलं. तिने माझ्या आईच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं होतं. मला शिव्या द्यायच्या होत्या, पण कोणाला देणार? गोटीरामने नुसतं वाचून दाखवलं. लिहिलं होतं मी.

"गोटीराम," मी म्हणालो, "ती भिंत चुकीनं झाली."

"चुकीनं भिंत होती व्हय?" तो हसला.

"माझ्याच्यानं झाली," मी म्हणालो आणि तंबाखूची पुडी तिथेच फळीवर ठेवून घरी आलो.

लंका चुलीपाशी भाकरी थापत होती. मी कोपऱ्यातली पहार काढली.

"काय करताय?"

"दार."

तिने माझ्याकडे बघितलं. तव्यावरची भाकरी उतरवली, पिठाची परात उचलून झाकून ठेवली, चूल विझवली आणि धान्याच्या कणगीवर लुगडं टाकलं. मग बाजूला जाऊन उभी राहिली.

गवंड्याला शिक्षा द्यायची असेल तर त्याला त्याचीच भिंत फोडायला लावावी. चुना मीच मळलेला. वीट मीच ठोकून, भिजवून, निवडून घेतलेली. पहार मारली की ठिणगी उडायची आणि पहारच उलट हातात झणझणायची. मुंबईच्या कंत्राटदाराची भिंत असती तर तासाभरात आडवी झाली असती. पहिली वीट निघायला मला सकाळचे दहा वाजले. चार विटा निघेपर्यंत गुडघ्यांनी साथ सोडली, म्हणून खाली बसून मारू लागलो. घाम डोळ्यांत जात होता. लंका मधून मधून पाण्याचा तांब्या पुढे करायची. दुपारच्या सुमाराला पहार एकदम पलीकडे गेली आणि डोक्याएवढं भगदाड पडलं. त्यातून गल्लीचं ऊन आत आलं. पलीकडे गोणपाट दिसत होतं.

ते गोणपाट हललं. जहिदा बाहेर आली. तिने भगदाडातून आत बघितलं. पांढऱ्या धुळीने माखलेला, भिंतीला टेकून बसलेला मी तिला दिसलो असेन.

"मिस्त्री, काय चालवलंय? समदी धूळ माझ्या घरात येतीय."

"दार काढतोय, भाभी."

"आता? भिंत रंगवून झाल्यावर?"

"इसरलो व्हतो."

"दार इसरतं का कुनी?" तिचा आवाज वर गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो वर गेला होता. "चूल इसरला नाय, मोरी इसरला नाय, आन् दार इसरला?"

"मुंबईत दारं बसायच्या आधी आमाला हाकलायचे," मी म्हणालो. "मी सोळा वर्षं दाराच्या घरात ऱ्हायलोच नाय, भाभी. माझ्या हाताला सवयच नाय. तुमी इचारलं तवा मी काय बोललो ते माझं मला कळलं नाय. लोक काय म्हनतात ते मला आज कळलं. माझ्या मनात तसं असंल तर ह्या हातात किडे पडतील."

गल्लीतली दारं एकेक करून उघडत होती. माझ्यामागे लंका उभी होती. जहिदा पुढे आली, वाकली आणि भगदाडातून आत नीट बघू लागली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग वळून आपल्या घरात गेली. माझा हात पहारीवरून खाली आला. म्हटलं, संपलं.

तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. तिने गोणपाट ओढून काढलं होतं आणि ती तिच्या चुलीपाशी जाऊन बसली होती.

"हे भोक कुठं पाडलंय? हितनं काय दिसतं? नुसती कनगी दिसती!"

"मंग?" मी म्हणालो.

"मंग काय? पयल्या दारातनं मला ती चुलीपाशी बसलेली दिसायची. तिचं तोंड बघून मला कळायचं, आज चांदवडचं कार्ड आलं का नाय, मुंबईचं आलं का नाय. ज्या दिवशी मुंबईचं येत नव्हतं त्या दिवशी मी तवा उतरवून तिकडं जायची. तुमाला काय ठावं? तुमी कुठं व्हता?"

मागे लंकेने तोंडावर पदर घेतला.

"दोरी हाय का तुमची?" जहिदा म्हणाली.

आखणीची दोरी खुंटीला होती. तिचं एक टोक लंकेने हातात घेतलं आणि आपल्या चुलीपाशी जाऊन बसली. दुसरं टोक मी भगदाडातून बाहेर दिलं. जहिदाने ते नेऊन आपल्या चुलीशी धरलं आणि ताणलं. भगदाडापाशी दोरी काटकोनात अडकली होती. मी विटांवर तळवा ठेवून, एक डोळा मिटून, दोन्ही चुलींचा अदमास घेतला. दार दक्षिणेला दोन हात सरकायला हवं होतं. म्हणजे हे भगदाड बुजवायचं आणि ती अख्खी मेहनत पुन्हा नव्याने करायची. गॅलरीकडची चौकट उपटून इकडे आणायची. मोरी फिरवायची, धुराडं फिरवायचं.

"दोन हात," मी म्हणालो. "आज व्हायचं नाय. चार दिवस लागतील."

"लागू द्या," चुलीपाशी बसलेली लंका म्हणाली. डबा रिकामा आल्यापासून तिने माझ्याकडे बघून उच्चारलेलं ते पहिलं धड वाक्य होतं. दोरी अजून तिच्या हातात होती, आणि पलीकडून कोणीतरी ती हलकेच ओढली.

"लंका," गल्लीतून हाक आली, "तो डबा दे हिकडं. रिकामा गेला तो."

लंका उठली. डबा कणगीवरच होता. तो भगदाडातून जाईना, म्हणून मला आणखी एक वीट काढावी लागली.